सव्वीस इंची मोहरी

“हे बाहेर कुणी वाळत घातलं?”

वसुधाआत्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की त्या फोनवर कुणाशी बोलताहेत असं नीताला वाटलं. तिने गॅस कमी करून मागे बघितलं. आत्या चहाची कपबशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बांबूच्या काठीवर पांढरी बेलबॉटम आणि चंदेरी शर्ट फडफडत होता. पँटचे पाय खाली इतके रुंद होते की वारा शिरला की टम्म फुगायचे.

“मीच, आत्या. सकाळी धुतलं. तुमच्या बॅगेत तळाला होतं ना, चादरीत गुंडाळलेलं.”

“आत घे.”

“ओलं आहे अजून. तासाभरात वाळेल.”

“नीता, आधी ते आत घे. कुणीतरी बघेल.”

नीताने खाली बघितलं. नवव्या मजल्याखालून एलआरटीची छोटी रेल्वेगाडी वळण घेत चालली होती. समोरच्या ब्लॉकमधून रविवारच्या काठ्याच काठ्या बाहेर आल्या होत्या, त्यांवर चादरी, युनिफॉर्म, बनियनी. बुकित पंजांगमध्ये दुसऱ्याच्या काठीवर काय वाळतंय हे बघायला वेळ कुणाला होता? पण आत्या खिडकीपासून हलेनात. नीताने मुकाट्याने काठी आत ओढली.

ती बॅग चार दिवस हॉलमध्ये तशीच पडून होती. पुण्याची इमारत पाडायला निघाली तेव्हा वसुधाआत्यांनी एकटीने माळा रिकामा केला होता. आईच्या वस्तू तिघा भावंडांनी एकत्र बसून बघायच्या असं ठरलं होतं, आणि थोरले भाऊ हेमचंद्र, म्हणजे नीताचे सासरे, यांना बायपासनंतर डॉक्टर विमानात बसू देत नव्हते, म्हणून दोघी बहिणीच दहा दिवसांसाठी सिंगापूरला आल्या होत्या. आल्या खऱ्या, पण एकमेकींशी बोलायच्या ते नीतामार्फत. “अनघाला विचार, अजून भात हवाय का.” “ताईला सांग, नको.” हे नीता लग्न होऊन आली तेव्हापासून बघत होती. कारण विचारलं की क्षितिज म्हणायचा, “त्या तशाच आहेत गं.”

बॅग शेवटी काल नीताच्या मुलीने, ऋग्वेदाने, उघडली होती. ती सतरा वर्षांची, पॉलिटेक्निकमध्ये फॅशन डिझाइनच्या पहिल्या वर्षाला. सोमवारी तिला घरातला एक जुना कपडा वर्गात नेऊन त्याची गोष्ट सांगायची होती. साड्यांच्या खालून हे निघालं तेव्हा ती किंचाळलीच होती. “प्रॉपर डिस्को, लाह! मम्मी, लोक हे कॉपी करतात. आपल्याकडे रिअल आहे!”

आता तिने ती ओली पँट जेवणाच्या टेबलावर पसरली. क्षितिजने खालच्या कॉफी शॉपमधून आणलेले पराठे बाजूला सरकवले. बाबा नेहमीसारखे इस्त्रीच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात टेबलाच्या टोकाला पेपर वाचत बसले होते. अनघाआत्यांनी चष्मा लावून टेपने मोहरी मोजली. एकतीस वर्षं पोस्टात काढली तरी कापड समोर आलं की त्यांची बोटं आपोआप शिवणीवर जायची.

“तेरा. म्हणजे सव्वीसची मोहरी,” त्या म्हणाल्या. “टेरिकॉट. कॅम्पातल्या टेलरचं काम आहे.”

“अनूआजी, हे कुणाचं होतं? मला लिहायचंय. कोणी घातलं, व्हेन, व्हेअर.”

अनघाआत्या टेप गुंडाळायला लागल्या. “ताईला विचार.”

“मला काय विचार?” वसुधाआत्या नीताकडे बघून म्हणाल्या. “जिचं आहे तिला विचार म्हणावं.”

“तेच म्हणतेय मी.”

“नीता, हिला सांग, एवढ्या वर्षांनी नाटकं नकोत.”

“मी नाटकं करतेय?” अनघाआत्या पहिल्यांदाच थेट बहिणीकडे वळल्या. “ताई, हे कपडे तुझे आहेत.”

“माझे?”

“मग काय माझे?”

“तुझेच!”

ऋग्वेदाने एकीकडून दुसरीकडे बघितलं. “सो... हूज?”

“उंचीवरून कळेल की,” क्षितिज म्हणाला. त्याला हे सगळं गमतीचं वाटत होतं. ऋग्वेदाने पँट कमरेला लावून बघितली. ती घरात सगळ्यांत उंच, तरी पाय जमिनीवर चार बोटं लोळले.

“बघा,” वसुधाआत्या म्हणाल्या. “अनघा माझ्याहून उंच आहे.”

“खाली चार इंचांचे बूट घालायचे तेव्हा. ते झाकले जातील इतकी पँट लांब शिवायची असायची. उंचीवरून काय कळणार?”

“पण चेन पुढे आहे,” ऋग्वेदा म्हणाली. “अँड शर्टची बटणं उजव्या साइडला. दॅट्स मेन्स, नो?”

“तेव्हा मुलींचंही तसंच शिवायचे,” दोघी एकदम म्हणाल्या, आणि एकमत झाल्याचं लक्षात येताच वसुधाआत्यांनी तोंड फिरवलं. मग अनघाआत्यांनीच पुरं केलं, “तीच तर फॅशन होती. मागून बघितलं तर मुलगा की मुलगी कळायचं नाही.”

“बाबा, तुम्हाला आठवतंय?” क्षितिजने विचारलं.

“नाही बुवा,” बाबा म्हणाले.

त्यांनी बऱ्याच वेळात पान उलटलं नव्हतं, हे फक्त नीताने बघितलं.

*

वसुधाला सगळं आठवत होतं. ती खुर्ची ओढून नातीसमोर बसली.

“लिहायचंय ना तुला? लिही. ऐंशी सालचा जानेवारी. माझं लग्न ठरलं होतं, हॉलसुद्धा घेतला होता. मुलाचे मामा याद्या करायला आमच्याकडे आले. त्यांचं मंडप-लाइटचं काम होतं. थर्टी फर्स्टला कॅम्पातल्या एका क्लबात त्यांनी लायटिंग केलं होतं. जेवण झाल्यावर हात धुवायला म्हणून मागच्या गॅलरीत गेले, आणि परत आले ते चप्पल शोधतच.”

“का?”

“दोरीवर हे वाळत होतं. हाच शर्ट, हीच पँट. म्हणाले, हा पोशाख घालून एक मुलगी त्या क्लबात दोन तास नाचत होती. तोंड नाही दिसलं, पाठ दिसली, खांद्यापर्यंत केस दिसले. तुमच्याच घरातली होती म्हणायची.” वसुधा थांबली. “चौथ्या दिवशी नकार आला.”

“फॉर ड्रेस? सीरियसली?”

“फॉर ड्रेस,” वसुधा म्हणाली. “आप्पा शाळेत हेडमास्तर होते गं. घरात दोन मुली. मी गेले नव्हते, हे मला माहीत होतं. मग राहिलं कोण? पण मी हिचं नाव कधी घेतलं नाही. आजपर्यंत नाही.”

अनघाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ताई, आप्पांनी मला विचारलं होतं. माळ्याखालच्या खोलीत नेऊन. तुझे आहेत का हे कपडे? मी नाही म्हटलं नाही.”

“मग? तेच तर!”

“मी नाही म्हटलं नाही, कारण मला वाटलं तूच गेली होतीस! लग्नाआधी एकदा मजा करावीशी वाटली असेल तुला. म्हटलं, येऊ दे माझ्यावर. थोरली सुटली तर तिचं परत जुळेल. मी अठराची होते, मला कुठे लग्न करायचं होतं?” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “आणि जूनमध्ये माझं मुंबईचं गेलं.”

क्षितिजला आता गंमत वाटेनाशी झाली होती. “मुंबईचं काय?”

“कापडावरचं डिझाइन शिकायचा कोर्स. यादीत नाव लागलं होतं माझं. आप्पा म्हणाले, घरात राहून हे दिवे लावलेस, मुंबईला काय करशील?”

मुंबईचं वसुधाही विसरली नव्हती. त्यातलं एक तिच्याशिवाय फक्त आप्पांना ठाऊक होतं, आणि आप्पांना जाऊन बावीस वर्षं झाली होती.

“ते कपडे माझे आहेत,” दादा म्हणाला.

पेपर अजून त्याच्या तोंडासमोर होता. त्याने तो घडी करून खाली ठेवला.

“दादा, तू मध्ये पडू नकोस,” वसुधा म्हणाली. “दर वेळी भांडण मिटवायला काहीतरी बोलतोस.”

“मिटवायला नाही बोलत. थर्टी फर्स्टला मी गेलो होतो.”

क्षितिज हसला. त्याला आवरलंच नाही. “बाबा? डिस्कोत? तुम्ही माझ्या लग्नात वरातीत चालतसुद्धा नव्हता, रिक्षात बसून आलात!”

“अनू, डाव्या पायाची मोहरी आतून बघ,” दादा म्हणाला. “जमिनीला घासून कापड फाटू नये म्हणून आत चेनची पट्टी शिवायचे. उजवीकडे पांढरी आहे. डावीकडची तुटली, तेव्हा मी माझ्या डब्याच्या पिशवीची निळी काढून लावली. टाके वाकडे आहेत.”

अनघाने मोहरी उलटली. चेन निळी होती. टाके वाकडे होते.

“हिला शिवून दिली असशील,” वसुधा म्हणाली. तिला ते खरं व्हायला नको होतं.

दादाने तिच्याकडे बघितलं. “वसू, नकार आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी केस कापून आलो. तू दारात बसून रडत होतीस. तरी मला म्हणालीस, दादा, बरा दिसतोस.”

वसुधा त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. गेली तीस वर्षं तिथे केस नव्हते, त्यामुळे कधी काळी होते हेच सगळे विसरून गेले होते. पण होते. कॉलरवर रुळणारे, कानावरून येणारे. आईने एकदा त्याला पाठमोरं बघून हाक मारली होती, “वसू, पिंपात पाणी भर गं.” दोन दिवस घर हसत होतं.

“देवा,” ती म्हणाली.

“मी कॉलेजात असताना कानात बाळी घातली होती,” क्षितिज हळूच म्हणाला. “तीन महिने माझ्याशी बोलला नाहीत तुम्ही.”

“हो,” दादा म्हणाला.

“हो काय, बाबा?”

दादाने पेपरची घडी पुन्हा घातली. ऋग्वेदा चंदेरी शर्ट हातात धरून उभी होती. तो पुढे ठेवावा की मागे लपवावा हे तिला समजेना. वसुधालाही काही समजेना. दादावर चिडावं असं वाटत होतं. पण ते स्थळ मोडलं म्हणून दोन वर्षांनी निशिकांत तिच्या आयुष्यात आले, आणि त्यांच्याबरोबरची एकोणचाळीस वर्षं तिने कशाशीही बदलली नसती. ते जाऊन चार वर्षं झाली तरी सकाळी दोन कप चहा टाकायची तिची सवय गेली नव्हती. मग नुकसान झालं ते कुणाचं?

अनघा उठली. तिने नीताने दिलेलं प्रवासाचं कार्ड घेतलं, चपला पायात सरकवल्या, आणि कुणाला काही न सांगता बाहेर पडली.

“मी जातो,” दादा म्हणाला.

वसुधाने त्याला अडवलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर आप्पा उभे होते. हातात मुंबईचं पत्र होतं. ते विचारत होते, वसू, तुला काय वाटतं, पाठवू का हिला?

*

हेमचंद्र एलआरटीच्या फलाटावर पोचला तेव्हा गाडीचे दरवाजे मिटायला लागले होते. तो कसाबसा आत शिरला. अनघा खिडकीशी बसली होती.

“परत जा. छातीत दुखेल तुझ्या.”

“नाही दुखत.” तो धापा टाकत समोर बसला.

गाडी दोन इमारतींच्या मधून निघाली आणि खिडकीची काच एकदम धुरकट पांढरी झाली. अनघा दचकली.

“घरांजवळून जाताना काचा अशा होतात,” तो म्हणाला. “लोकांच्या घरातलं दिसू नये म्हणून.”

“बरं आहे.” काच पुन्हा स्वच्छ होईपर्यंत ती काही बोलली नाही. “कुणाबरोबर गेला होतास?”

“अभय होता, कंपनीतला.”

“मुलगी?”

“नव्हती कुणी. मला नाचायचं होतं, एवढंच. दिवसभर पिंपरीत मशीनवर उभं राहायचं, खाकी कपडे, हाताला तेल. त्या शर्टवर दिवे पडले की... काय सांगू तुला. मी वेगळाच कुणीतरी व्हायचो. कपडे अभयकडेच असायचे. त्या आठवड्यात त्याचे वडील गावाहून आले म्हणून मी घरी आणले. स्वतः धुतले, मागे टाकले. संध्याकाळी कामावरून आलो तर घरात कुणी बोलत नव्हतं.”

“मग तू का नाही बोललास?”

“मला कुणी विचारलं नाही.”

अनघाने त्याच्याकडे बघितलं.

“आप्पांनी तुला विचारलं, वसूला विचारलं. चमचमणारा शर्ट, तो मुलाचा असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. मी थांबलो होतो, विचारतील म्हणून. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, असं मला अजून वाटतं. मग आठवडा गेला, महिना गेला. तुझं मुंबईचं अडलं तेव्हा बोलायला हवं होतं. पण मग सहा महिने गप्प का होतो, तेही सांगावं लागलं असतं.”

“म्हणून पंचेचाळीस वर्षं.”

“हो.”

“आईला माहीत होतं? तिने जपून का ठेवलं ते?”

“माहीत नाही गं. खरंच माहीत नाही. मी तिला विचारलं नाही आणि तिनेही मला.”

शेवटचं स्टेशन आलं. सगळे उतरले, ही दोघंही उतरली, आणि दुसरं काही न सुचल्यामुळे पलीकडे उभ्या असलेल्या परतीच्या गाडीत जाऊन बसली. एका चिनी आजीने हेमचंद्रचा घामेजलेला चेहरा बघून त्याला आपली जागा दिली. तो ‘नो नो’ म्हणत असतानाच अनघाने त्याला दंड धरून खाली बसवलं.

“मला नीट रागवतासुद्धा येत नाहीये,” ती म्हणाली. “एवढी वर्षं ताईचा राग केला. मी तिच्यासाठी एवढं केलं आणि ही साधं बोलत नाही म्हणून. आता कळलं की ती बोलत नव्हती, कारण तिलाही माझ्याबद्दल तेच वाटत होतं. तो राग गेला वाया. तुझ्यावर नवा करायचा, तर तू सत्तरीचा, छातीत तारा घातलेला. आणि मधूनच मला काय वाटतं माहितीये? तो शर्ट घालून तू कसा दिसत असशील, ते बघायला हवं होतं. लाज वाटते मला, पण वाटतं.”

हेमचंद्रने खिशातून रुमाल काढला. त्याने घाम पुसला की डोळे, हे अनघाने बघितलं नाही.

*

इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत सिमेंटचं टेबल होतं, भोवती चार गोल बाकं. संध्याकाळी तिथे म्हातारे सोंगट्या खेळायचे. आता भर दुपारी तिथे एकटी ताई बसली होती, घरातल्या सपाता घालून. अनघा दिसताच ती उठली.

“अनू.”

अनघा थांबली. तिला ताईने अनू म्हणून हाक मारून किती वर्षं झाली, हे आठवेना.

“आधी माझं ऐक, मग वर जा,” ताई म्हणाली. “दादा, तूही ऐक. मुंबईला आप्पा हिला पाठवणार होते. त्यांचा राग निवळला होता. माझ्याशेजारी बसून म्हणाले, पोरीच्या हातात कला आहे, पाठवू का? मी म्हटलं, पाठवा, म्हणजे तिथे मोकळं रान मिळेल तिला. एवढंच म्हटलं. पण मी काय म्हणतेय आणि त्याने काय होणार, ते मला कळत होतं.”

वरच्या कुठल्यातरी मजल्यावर टीव्ही लागला होता. एक बाई भाजीची ट्रॉली ओढत लिफ्टकडे गेली. दादा खांबाला धरून उभा होता.

“तू तेव्हा नाही म्हटलं असतंस ना,” ताई म्हणाली, “की कपडे तुझे नाहीत...”

“म्हणजे चूक माझी?”

“नाही गं! तसं नाही. मला बोलताच येत नाहीये. चूक माझीच.”

“चूक माझी,” दादा खांबापासून म्हणाला. “मी बोललो असतो तर तुम्हा दोघींना...”

“तू थांब. तिला रागवायचं असेल तर माझ्यावर रागवू दे. तुझ्यामुळे माझं तर काही वाईट झालं नाही. मला हे भेटले. सगळं हिचंच गेलं, आणि ते मी घालवलं.”

“मी थोरला आहे, वसू.”

“मग तेव्हा का नव्हतास थोरला?” ताई म्हणाली.

मग दोघं अनघाकडे वळली. ताई रडत होती, दादाच्या हातातला रुमाल ओला होता, आणि दोघांच्या तोंडावर एकच भाव होता: ही आता काहीतरी म्हणेल आणि मग कळेल. लहानपणापासून घरातली प्रत्येक गोष्ट ठरून झाल्यावर तिला सांगितली जायची. आज पहिल्यांदाच ती दोघं तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. तिने मुंबईतली अठरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. खांद्याला पिशवी, पिशवीत रंग. तिला चेहराच येईना. त्याऐवजी पोस्टातली खिडकी दिसली, आणि तिथे एकतीस वर्षं बसलेली बाई, जी काही वाईट नव्हती, जिला मैत्रिणी होत्या, जी स्वतःचे ब्लाउज असे शिवायची की परक्या बायका थांबवून विचारायच्या. तिच्यासाठी वाईट वाटून घ्यावं की नाही?

“अनू, काहीतरी बोल,” ताई म्हणाली.

अनघा एका गोल बाकावर बसली. सिमेंट उन्हाने तापलेलं होतं, तरी ती उठली नाही.

“बोलेन,” ती म्हणाली. “आज की उद्या ते माहीत नाही. काय बोलेन तेही माहीत नाही. आता माझी वेळ आहे. तुम्ही दोघं जरा थांबा.”

ताई तिच्या उजवीकडे बसली, दादा डावीकडे. दोघंही थांबली.